भावकीचा हजेरीपट

लातूरहून नांदेडला सरळ रेल्वेमार्ग नाही. मोटारीनं निघालात तर चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा करत तीनेक तासांत गोदावरी दिसते. पण रुळांवरूनच जायचा हट्ट धरलात तर आधी लातूर रोड, मग परळी, गंगाखेड, परभणी, पूर्णा असा अर्धा मराठवाडा पाहून झाल्यावर हुजूर साहिब नांदेडचा फलाट लागतो. आमच्या घरातल्या बातम्या हल्ली याच मार्गानं प्रवास करतात. लातूरच्या थोरल्या काकांचा गुडघा दुखतोय, हे त्यांच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या पुतण्याला न्यू जर्सीहून कळतं. तिथल्या नातीनं व्हिडिओ कॉलवर आजोबांना लंगडताना पाहिलेलं असतं. ती हैदराबादच्या मावशीला सांगते, मावशी नांदेडच्या मामींना, आणि मामी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात : ‘अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं? कुणी काही सांगत कसं नाही?’ त्यानंतर मागच्या गल्लीतला पुतण्या दोन मिनिटांत चप्पल घालून दारात हजर. वळसा पडतो, पण गाडी पोचते.

वळसा पडायला कारणही आहे. आमचं गणगोत एका जिल्ह्यात मावणारं कधीच नव्हतं. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या. हैदराबाद राज्यातला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडं आले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. नांदेडला खेटून असलेलं मुधोळ-भैंसा आंध्रात गेलं. आखणाऱ्यांनी भाषा पाहिली, सोयरीक पाहिली नाही. त्यामुळं आमच्याकडं नांदायला आलेल्या एका आजीचं माहेर ती माहेरी गेलेली नसतानाच परराज्यात गेलं. पुढची पिढी शिकून पुण्याला गेली, त्यापुढची त्याहून लांब. एमएच 24 आणि एमएच 26 या दोन पाट्यांत बसणारा परिवार आता चार राज्यांत आणि तीन खंडांत पसरलाय. तरीही कुणाच्या म्हशीला काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, याचं श्रेय कुणाला तरी दिलंच पाहिजे.

पूर्वी हे काम माणसं करायची. सीमेकडच्या गावांत सुगी झाली की हेळवी यायचा. बैलावर बसून, पोथीसारखी जाडजूड वही घेऊन. घराण्याचा मूळ पुरुष कोण, त्याला मुलं किती, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला, हे सगळं तो घडाघडा म्हणून दाखवायचा, नवीन जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायचा आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचा. त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आजही पणजोबांची सही सापडते. पणजोबा तिथं कुणाच्या दहाव्याला गेले होते, बरोबर कोण कोण होतं, सारं लिहिलेलं. कोण आलं होतं याची नोंद ठेवायची आपल्याला फार जुनी हौस आहे.

मग पोस्टकार्ड आलं. पंधरा पैशांत सगळ्या घराची खुशाली. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू असेल तर पोस्टमनच्या तोंडावर हसू, कोपरा फाडलेला असेल तर तो कार्ड हातात न देता उंबऱ्यावर ठेवून निघून जायचा. तार आली की न वाचताच रडायला सुरुवात व्हायची. ‘पास झालो’ अशी तार आल्यावरही आमच्याकडं आधी रडून घेतलेलं आहे. 2013 च्या जुलैत तारसेवा बंद झाली तेव्हा पेपरांनी हळहळ व्यक्त केली, आमच्या घरात मात्र म्हाताऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण पोस्टखात्याचा एक मोठा उपकार आपण विसरलो. ‘पत्र मिळालं नाही’ हे वाक्य. या तीन शब्दांनी मराठवाड्यातली किती नाती वाचवली असतील, याची गणती नाही. बारशाला का आला नाहीत? पत्र मिळालं नाही. शेताच्या मोजणीला का आला नाहीत? पत्र मिळालं नाही. समोरच्यालाही ठाऊक असायचं की पत्र मिळालंय, मिळून ते आढ्याच्या तारेत टोचून ठेवलंय. पण तो म्हणायचा, ‘पोस्टाचा काई भरोसा राह्यला नाही बगा,’ आणि दोघं मिळून पोस्टाला शिव्या देत चहा प्यायचे. 2014 च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपनं निळ्या खुणा आणल्या आणि ही सोय गेली. आता वाचलं की कळतं. ज्यानं ती निळी खूण बंद करून ठेवली तो तर भावकीत कायमचा संशयित. काहीतरी लपवायचं असल्याशिवाय माणूस एवढ्या आत जाऊन सेटिंग कशाला बदलेल?

सगळाच वेग वाईट, असं मात्र कुणी आमच्या भागात म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूरच्या बाजूला जमीन हलली. पुण्या-मुंबईत असलेल्या लेकरांना ‘लातूरला भूकंप’ एवढंच रेडिओवरून कळलं. आपलं गाव आहे की नाही हे कळायला काहीच मार्ग नव्हता. फोन लागत नव्हते. बहुतेकांच्या घरी लागायला फोनच नव्हते. मिळेल त्या गाडीनं माणसं निघाली आणि गावाच्या शिवेपर्यंत येईपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही, असं ते सांगतात. त्या पिढीतला माणूस आजही ग्रुपवर सकाळी ‘सर्व ठीक?’ असं दोनच शब्द लिहितो आणि उत्तर येईपर्यंत फोन खाली ठेवत नाही. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडं केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. सकाळची वेळ. टीव्हीवर पट्टी सरकायच्या आत ग्रुपवर नांदेडहून ‘बसला का?’, हिंगोलीहून ‘बसला’, परभणीहून ‘भांडी वाजली’, आणि लातूरहून, जिथं काहीच झालं नव्हतं, ‘आम्हालाही थोडं वाटलं’. मागं राहायचं नाही, हा लातूरचा स्वभाव.

आमचा ग्रुप जन्मला 2016 साली. ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून जलदूत आली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. अख्ख्या देशानं लातूरचं पाणी रेल्वेनं येताना पाहिलं. घागरींच्या रांगा होत्या, लग्नं पुढं ढकलली जात होती, नांदेडचे मामा ‘लेकरांना घेऊन इकडंच या, विष्णुपुरीला अजून हाय थोडं’ म्हणत होते. आणि सप्टेंबरात जिओ आलं, फुकट. एकाच वर्षात आम्ही पाणी लिटरवर मोजायला शिकलो आणि डेटा न मोजता सांडायला. त्याच फेब्रुवारीत व्हॉट्सॲपनं ग्रुपची मर्यादा शंभरावरून 256 केली होती, तेही आमच्या पथ्यावर पडलं. शंभरात मावते ती भावकी कसली?

ग्रुप काढला तो एसटीतून निवृत्त झालेल्या मोठ्या दाजींनी. हयात वाहक म्हणून गेली, लातूर-नांदेड मार्गावरची एकेक वाडी पाठ. ॲडमिन झाले तरी वळण जुनंच. निरोप टाकला की तासाभरानं तो निरोप दाबून धरायचा, ‘माहिती’वर जायचं, कुणी वाचलं आणि कुणी नाही ते पाहायचं आणि मग घोषणा : ‘एकूण सदस्य एकशे त्र्याण्णव. वाचले एकाहत्तर. उरलेल्यांनी वाचून घ्यावे.’ कुणी नवीन सून ग्रुपात आली की तिला कुणाची कोण हे विचारल्याशिवाय ते पुढं सरकू देत नाहीत. पहिले काही दिवस आम्ही हसलो. मग लक्षात आलं की या माणसाला ग्रुप कशासाठी आहे हे आपल्याहून नीट कळलंय.

कारण प्रेम वगैरे गोष्टी आमच्याकडं उघड बोलायची रीत नाही. बाप मुलाला ‘मला तुझी आठवण येते’ म्हणत नाही. ‘बारीक झालास’ म्हणतो. सोयऱ्यानं सोयऱ्याकडून मागायची गोष्ट एकच : हजेरी. लग्नात हजेरी, मातीला हजेरी, दवाखान्यात हजेरी. आलात, दोन मिनिटं बसलात, पाणी प्यालात, दिसलात, झालं. आत काय चाललंय ते देव जाणे. ‘आला होता’ या दोन शब्दांवर तीन तीन पिढ्यांचे व्यवहार चालतात आणि ‘आला नव्हता’वर मोडतात. ग्रुपनं नातं टिकवलं का, असा परिसंवाद शहरात भरत असेल. आम्हाला तो प्रश्न पडत नाही. ग्रुपनं हजेरी घ्यायची सोय केली. तेवढंच हवं होतं.

म्हणून आमच्याकडच्या त्या बदनाम ‘शुभ सकाळ’बद्दल माझं मत जरा वेगळं आहे. गुलाब, त्यावर दवबिंदू, खाली सुविचार, सुविचाराखाली ज्यानं तो कधीही म्हटला नसेल अशा थोर माणसाचं नाव. 2018 च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलनं बातमी दिली होती की भारतातले फोन सारखे भरून का जातात याचा शोध गूगलच्या लोकांनी घेतला, तेव्हा मूळ सापडलं ते या गुड मॉर्निंगच्या चित्रांत. जगभर हसं झालं. पण देगलूरची एकटी राहणारी मावशी रोज सहाच्या आत गुलाब टाकते, आणि ज्या दिवशी सात वाजले तरी गुलाब आला नाही त्या दिवशी शेजारच्यांना फोन जातो. त्या चित्राकडं कुणी बघत नाही. ते आलं, एवढंच बघतात.

पुढं ढकललेल्या बाकी मजकुराबद्दल मात्र असं मऊ बोलता येत नाही. ‘आत्ताच आलेली बातमी, सर्वांना पाठवा’ असं कुणाच्या तरी काकांनी पाठवलं, म्हणून ते आपल्याला खरं वाटतं. नात्याचा शिक्का बसला की खोटं सुद्धा घरचं होतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं जिवे मारलं. दारोदार भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. हेळव्याला ओटीवर बसवून आपल्या पणजोबांचं नाव ऐकणाऱ्या लोकांनी दारात आलेल्या अनोळखी माणसाला ओळख विचारायची सोडून दिली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा चाप भारतात लावला. आमच्या दाजींनी त्याच्याही पुढं जाऊन नियम केला : ‘ढकललेले चालणार नाही. स्वतःचे असेल तर बोला.’ त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर सामसूम होती.

आता पत्रिकेविषयी बोललं पाहिजे, कारण खरा कस तिथं लागतो. छापील पत्रिकेच्या काळी लग्नघरातली दोन कर्ती माणसं गाडीवर बसून गावोगाव फिरायची. अक्षता, पत्रिका, ‘सगळ्यांनी यायचं बरं का, चूल बंद’ असं तोंडानं आवतण. चूल बंद म्हणजे घरटी सगळ्यांना. नुसती पत्रिका दिली आणि तोंडानं म्हटलं नाही तर ते आवतण नव्हे, आणि एकट्यालाच म्हटलं तर ते त्याहून वाईट. आता पत्रिका पीडीएफ होऊन येते, तळाशी ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’. समजावे? इथंच गाडी अडते. समजायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं, आणि आमच्याकडं बहुतेक जण न समजायचं ठरवतात. ‘व्हाट्सपवर आली होती म्हणं पत्रिका. आमाला कुणी म्हणाया आलं नाही.’ त्यामुळं आता पीडीएफ पाठवायची, मग फोन करायचा, आणि सख्ख्यांच्या घरी पुन्हा गाडीवर जायचंच. एकाचे तीन हेलपाटे झाले. सोय म्हणतात ती हीच.

त्यात पत्रिकेतली नावं. छापखान्यात पाचशे प्रती निघाल्यावर धाकट्या चुलत्याचं नाव राहिलंय हे कळायचं, तेव्हा छापखानेवाल्याला मनसोक्त दोष देऊन विषय मिटायचा. तो बिचारा दोन्ही बाजूंच्या शिव्या खायचा आणि पुढच्या सुगीपर्यंत सगळे विसरायचे. आता संगणकावर पाच मिनिटांत दुरुस्ती होते, म्हणून दुरुस्तीला अंत नाही. गेल्या लग्नसराईत आमच्या एका भाच्याची पत्रिका ग्रुपवर आली ती सकाळी नऊला. साडेनऊला उदगीरहून कळलं की ‘आपले विनीत’मध्ये आतेभावाचं नाव नाही. ते टाकलं. मग दुसऱ्या आतेभावाचं नाव पहिल्याच्या खाली आलं. वयानं तो थोरला. ते वर घेतलं. मग स्वर्गवासी आजोबांच्या मागं ‘कै.’ लावलं होतं तिथं ‘वै.’ पाहिजे, कारण माळकरी होते. मग ‘किलबिल’मध्ये तीन नातवंडं वाढली, त्यातलं एक सातव्या महिन्यात होतं, म्हणजे आईच्या पोटात. संध्याकाळपर्यंत पत्रिकेच्या इतक्या आवृत्त्या झाल्या की नवरदेवाच्या बापानं शेवटी लिहिलं, ‘तारीख आणि मंगल कार्यालय बदललेले नाही. बाकी सर्व क्षमस्व.’

तसंच सुतकाचं. ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी पडली की श्रद्धांजल्यांची रांग लागते. मग कधी तरी कुणाला तरी पहिला विनोद टाकायचा असतो, आणि किती वेळ थांबायचं हे कुठल्याच धर्मसिंधूत दिलेलं नाही. हळूहळू एक प्रघात पडलाय. सख्ख्यांना दहा दिवस, चुलत्यांना रिवाजाप्रमाणं, ग्रुपला दिवेलागणीपर्यंत. दिवे लागले की कुणीतरी आधी एखादं अभंगाचं चित्र टाकतो, पाण्यात पाऊल घालून खोली बघतो, कुणी रागावलं नाही की मग पाककृती येते, आणि मग आयपीएल.

रुसव्याला मात्र या नव्या व्यवस्थेनं फारच अन्याय केला. मांडवातून रुसून निघालेला मामा कधीही तरातरा चालत नाही. टोपी झटकतो, पिशवी शोधतो, चप्पल शोधतो, फाटकापर्यंत सावकाश जातो. मागून कुणीतरी हात धरायला येणार असतं, त्याला वेळ मिळाला पाहिजे. ग्रुप सोडला की ‘अमुक बाहेर पडले’ अशी ओळ सगळ्यांना दिसायची, तोवर ठीक होतं. लगेच दहा फोन. 2022 मध्ये कंपनीनं ती ओळ काढली. आता फक्त ॲडमिनला कळतं. रुसलेला माणूस निघाला आणि कुणी पाहिलंच नाही, याहून मोठा अपमान कुठला? आमच्या नांदेडच्या एका मावसभावानं ग्रुप सोडला, आठवडाभर वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच दाजींना फोन केला : ‘मी बाहेर पडलोय, लक्षात आलं का तुमच्या?’ दाजी म्हणाले, ‘आलं. म्हटलं पुढच्या थांब्यावर चढशील.’ चढला.

या सगळ्यात मला खरोखर आवडलेली वस्तू म्हणजे अहमदपूरच्या आत्याचे आवाजी निरोप. आत्याला लिहिता येतं, पण त्या कळपाटीवर नाही. तिनं बोलून टाइप करायचा एकदा प्रयत्न केला होता. फोननं ‘अंबिल’चं ‘अनिल’ केलं. ‘अनिल लई आंबट झालंय, दोन दिवस ठेवलं होतं माठात’ असा निरोप गेल्यावर पुण्याच्या नव्या सुनेनं घाबरून विचारलं, हे अनिल कोण. तेव्हापासून आत्या सरळ बोलते. बटण दाबून धरलेलं, फोन तोंडासमोर आडवा, डोळे मिटलेले. ‘हालो... चालू झालं का रं हे? लाल दिसूलालंय, म्हंजी झालंच की. ऐका सगळेजण. काल वाड्यामागच्या लिंबावर वानरं आली व्हती...’ मागं कुकरची शिट्टी, कोंबडा, दारावर आलेल्या भाजीवाल्याशी मधेच घासाघीस, ‘वीस कामून, पंधरा घे’, पुन्हा वानरं. सात मिनिटं. हे ऐकायला वेळ नाही म्हणणारेच गाडीत, स्वयंपाक करताना, पुन्हा ऐकतात.

पुण्यात हिंजवडीला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची मुलगी घरी ‘काय करतेयस’ असं स्वच्छ पुणेरी बोलते. शाळेत ‘करूलालीस’ म्हटलं की मुलं हसतात, म्हणून तिच्या बापानंच कधी तरी ते बोलणं उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेलं. पण आत्याला ती निरोप पाठवते तेव्हा, कुणी शिकवलेलं नसताना, तिच्या तोंडून येतं : ‘आज्जी, काय करूलालाव? जेवलाव का?’ भावानं हे ऐकलं, काही बोलला नाही. पाच मिनिटांनी त्यानं स्वतःच आत्याला निरोप धाडला. मी ऐकलाय तो. आवाज त्याचाच होता, फक्त पंचवीस वर्षांपूर्वीचा.

लातूर-नांदेड वाद हा ग्रुपचा बारमाही खुराक. राजकारणाला बंदी आहे, पण नवं विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं हा प्रश्न राजकारणात मोडत नाही असं दोन्ही बाजूंना प्रामाणिकपणे वाटतं. 2009 मध्ये तो पेटला, 2015 मध्ये पुन्हा धुमसला, आणि नव्या पिढीला तो वारशानं मिळालाय. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण : या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, तरी एक कचेरी कुठं ठेवायची ते ठरेना. लातूरकर म्हणतात आमचा अभ्यासाचा पॅटर्न. नांदेडकर म्हणतात आमची नदी. या वादात बिदरकडचे सोयरे पंच होतात, कारण त्यांना दोन्हीकडून काही मिळणार नाही.

निकालाच्या दिवशी मात्र हे वैर बाजूला पडतं आणि त्याहून वाईट काही सुरू होतं. पॅटर्नच्या गावात लेकराला काय व्हायचंय असं कुणी विचारत नाही, विचारतात ‘किती पडले?’ नीटचा निकाल लागला की गुणांचे पडद्यावरून काढलेले फोटो येऊ लागतात. ज्यांचे येत नाहीत त्यांचेही गुण सगळ्यांना समजतात. हजेरीपटाचा हा तोटा. गैरहजर दिसतो. पूर्वी नापास झालेलं पोरगं चार दिवस मामाकडं जाऊन राहायचं आणि मामाच्या गावात त्याची टक्केवारी पोचलेली नसायची. आता मामाच्या फोनवर ती त्याच्या आधी उतरते. हे दुरुस्त करायला कुणीतरी नियम काढायला हवा, आणि दाजींनी तो अजून काढलेला नाही याबद्दल माझी तक्रार आहे.

ग्रुपचे पोटग्रुप किती, हे विचारू नये. ‘फक्त भावंडं’ आहे. त्यातून एका भावंडाला वगळून केलेला दुसरा आहे. ‘लग्नाची तयारी’ नावाचा एक आहे, त्या लग्नातल्या जोडप्याचं पोरगं आता पहिलीत जातं आणि ग्रुपवर अजून तयारी चालू आहे.

येळवशीला मात्र सगळं थांबतं. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लातूरला त्या दिवशी बाजारपेठा बंद, गंजगोलाईत चिटपाखरू नाही, जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, डोक्यावरून आणलेली अंबिलाची बिंदगी, बाजरीचे उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, शेंगदाणे, शेतात हिरवं म्हणून जे जे हाताला लागेल ते आंबट ताकात आणि डाळीच्या पिठात रटरटा शिजवून केलेली ती एक गोष्ट. तिचा फोटो कधीच चांगला येत नाही. पातेल्यात काहीतरी हिरवट-पिवळं, एवढंच दिसतं. तरी तोच फोटो पाहून परगावच्या लोकांचा जीव जातो.

आमच्या चाकूरकडच्या शेतात रेंज नाही. बांधावरच्या एका चिंचेखाली एक काडी येते आणि जाते. त्यामुळं येळवशीच्या दिवशी सकाळी दहापासून ग्रुप मुका. इकडं शंभरेक माणसं कोपीभोवती पंगत धरून बसलेली, आणि तिकडं पुणे, हैदराबाद, न्यू जर्सीवाले, जे एरवी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवतात आणि ‘किती मेसेज टाकता रे’ म्हणतात, ते दुपारपासून कासावीस. ‘पोचले का सगळे?’ ‘कुणी आहे का?’ ‘भज्जी झाली का?’ ‘निदान एक फोटो.’ संध्याकाळी बैलगाड्या, जीपा, मोटारसायकली डांबरी रस्त्याला लागल्या की सगळ्यांच्या खिशात एकदमच टुणटुण सुरू होते. गेल्या खेपेला आत्या गाडीतच म्हणाली, ‘बगा, आपण तिथं नव्हतो तर किती बोलूलालेत.’

रात्री फोटो गेले. त्याखाली दाजींची यादी, गाववार. लातूर अठरा. नांदेड चौदा. उदगीर नऊ. अहमदपूर सगळे. औराद-भालकी सहा, दुसऱ्या राज्यातून आले म्हणून विशेष आभार. आणि शेवटी : ‘न आलेल्यांनी कारण कळवावे.’ पुण्यातल्या दोघांनी ‘सुट्टी नव्हती’ लिहिलं. त्यावर दाजींचं उत्तर : ‘जिल्ह्याला होती.’ न्यू जर्सीच्या भाच्यानं लिहिलं, ‘मामा, विमानाचं तिकीट.’

‘कारण मंजूर,’ दाजींनी लिहिलं. ‘भज्जी तेवढी तिथं करून फोटो टाका. येळवस तिथंही अमावस्येलाच असते.’

पहाटे फोटो आला. स्टीलचं पातेलं, खिडकीबाहेर बर्फ, आणि पातेल्यात काहीतरी हिरवट-पिवळं.

आत्यानं तो झूम करून पाहिला, बटण दाबून धरलं, आणि तिचा निरोप चालू झाला. ‘हालो. ऐक रं. पीठ कच्चं राह्यलंय...’